ब्रेडचा गाभा चिकट का झाला: पावसात सापडलेल्या एका गव्हाचे प्रकरण

ब्रेडच्या कारखान्यातून आलेली तक्रार अशी होती. काप करणाऱ्या यंत्राच्या पात्यांवर गाभ्याचा चिकट लगदा साठतो आणि पाती पुसायला यंत्र सारखे थांबवावे लागते. ब्रेडचे कवच नेहमीपेक्षा गडद आहे, कडा आत बसल्या आहेत. काप बोटाने दाबला तर तो पुन्हा वर येत नाही, दाबलेल्या जागी ओल्या मातीत उमटावा तसा ठसा राहतो.

गाभा ओला म्हणजे ब्रेड कच्चा राहिला, असे धरून कारखान्याने भाजण्याचा वेळ वाढवला. कवच आणखी काळपटले, गाभा होता तसाच. मग यीस्ट बदलले, फुगवण्याचा वेळ कमी केला, कणकेतले पाणी 2 टक्क्यांनी घटवले. पाणी घटवल्यावर थोडा फरक पडला, बाकी कशाने काही झाले नाही. पिठाच्या कागदपत्रांत बोट ठेवावे असे काही नव्हते: प्रथिने 12.5 टक्के, ओलावा 13 टक्के, राख नेहमीची.

हे पीठ गव्हाच्या दोन लॉटांचे निम्मे-निम्मे मिश्रण होते. अ लॉट पावसाआधी कापलेला. ब लॉट कापणीला आला असतानाच त्यावर पाऊस पडला आणि पीक चारेक दिवस ओल्या ओंब्यांसह उभे राहिले. नंतर ऊन पडले, गहू वाळला, कापला गेला. गिरणीत उतरवताना पाहणी झाली तेव्हा डोळ्यांना मोड दिसणारे दाणे अगदी थोडे होते. दाणा थोडा निस्तेज आणि हेक्टोलिटर वजन (ठरलेल्या मापात भरलेल्या गव्हाचे वजन) किंचित कमी, एवढेच. गिरणीने दोन्ही लॉटांचा फॉलिंग नंबर काढला होता (मोडाची बाधा मोजणारी, सेकंदांत येणारी चाचणी; आकडा जितका खाली तितकी बाधा जास्त): अ चा 340 सेकंद, ब चा 150. सरासरी 245 येते, म्हणजे चालण्यासारखे, असा हिशोब करून मिश्रण दळायला घेतले. (प्रकरणातले आकडे हिशोब डोळ्यांसमोर राहावा म्हणून गोल केले आहेत.) चूक या सरासरीत आहे. ती का चूक आहे हे कळण्यासाठी आधी दाण्याच्या आत जावे लागते.

दाण्यात काय घडले होते

गव्हाचा दाणा म्हणजे एका टोकाला छोटा भ्रूण आणि उरलेला सगळा शिधा. या शिध्यात, म्हणजे भ्रूणपोषात, स्टार्चचे दोन प्रकारचे कण असतात: 20 ते 35 मायक्रॉनचे भिंगासारखे मोठे आणि 10 मायक्रॉनहून लहान गोल. स्टार्चचा साधारण चौथा हिस्सा अमायलोज, म्हणजे ग्लुकोजची जवळजवळ सरळ साखळी. बाकीचे अमायलोपेक्टिन, म्हणजे फांद्या फुटलेली साखळी. साखळीतले सरळ जोड अल्फा-1,4 आणि फांदीचे जोड अल्फा-1,6 म्हणून ओळखले जातात.

दाणा रुजायला लागला की हा शिधा फोडायचे काम चार विकरांकडे (एन्झाइमांकडे) येते. अल्फा-अमायलेज साखळीला मध्येच, मिळेल तिथे चावते आणि तिचे तुकडे पाडते. बीटा-अमायलेज साखळीच्या एका टोकापासून दोन-दोन ग्लुकोज, म्हणजे माल्टोज, तोडत जाते आणि फांदी आली की थांबते. फांदीचा जोड लिमिट डेक्स्ट्रिनेज कापते. उरलेल्या छोट्या तुकड्यांचे ग्लुकोज अल्फा-ग्लुकोसिडेज करते. यातले बीटा-अमायलेज पिकलेल्या कोरड्या दाण्यात आधीच भरपूर साठवलेले असते. अल्फा-अमायलेज मात्र चांगल्या, वाळलेल्या दाण्यात जवळजवळ नसतेच, ते नव्याने तयार करावे लागते. सगळे प्रकरण या एका फरकावर उभे आहे.

पाणी शोषल्यावर भ्रूण जिबरेलिन नावाचे संप्रेरक सोडतो. स्टार्चच्या साठ्याला वेढून असलेल्या, गव्हात एकाच पेशीच्या जाडीच्या अल्यूरोन थराला हे संप्रेरक पोचले की त्या जिवंत पेशी अल्फा-अमायलेज बनवू लागतात आणि आतल्या मृत भ्रूणपोषात ओततात. भ्रूण आणि साठा यांच्यामधली ढालीसारखी पेशींची चकती, स्क्यूटेलम, हेच काम आणखी आधी सुरू करते. पिकत्या दाण्यात ॲब्सिसिक आम्ल हे दुसरे संप्रेरक या सगळ्याला आवर घालते. सुप्तावस्था भक्कम असलेल्या वाणात पाऊस पडला तरी दाणा जागा होत नाही, म्हणून लालसर दाण्याचे गहू सहसा पांढऱ्या दाण्यांच्या गव्हापेक्षा पावसात जास्त तग धरतात. पण आवर सुटला की मूळ बाहेर दिसण्याच्या कितीतरी आधी विकर बनायला सुरुवात झालेली असते.

ब लॉटचे हेच झाले. बहुतेक दाणे जागे होऊन विकर बनवू लागले आणि मोड बाहेर डोकावण्याआधीच ऊन पडून ते वाळले. वाळल्याने विकर नष्ट होत नाही. 12 टक्के ओलाव्यात ते नुसते निपचित पडून राहते. पाणी मिळाले की ते पुन्हा कामाला लागते, मग ते पाणी पावसाचे असो वा कणीक मळायचे.

लोक समजतात की मोड आलेल्या गव्हातले स्टार्च संपून गेलेले असते. अशा सुरुवातीच्या मोडाच्या गव्हात स्टार्च जवळजवळ जिथल्या तिथे असते. न फुललेला, अखंड स्टार्चचा कण या विकरांना सहजासहजी दाद देत नाही आणि त्यांना वेळही फारसा मिळालेला नसतो. शेतात तयार होते ती कात्री. कापाकापी होते ती भट्टीत.

भट्टीतली दहा-वीस अंशांची पट्टी

कणीक मळल्यापासून भट्टीत जाईपर्यंत विकरांना फक्त दळताना फुटलेले कण खायला मिळतात. रोलर गिरणीत पोलादी रुळांमधून जाताना स्टार्चचा काही भाग भंगतो आणि भंगलेला कण पाणी व विकर दोन्ही आत घेतो. अल्फा-अमायलेज जास्त असेल तर या भागातून माल्टोज जास्त निघतो, यीस्ट जोरात चालते, उरलेली साखर कवचावर गडद रंग आणते. या कारखान्यातल्या काळपट कवचाचे कारण तेच. भट्टीच्या तापमानाशी त्याचा संबंध नव्हता.

खरा घात पुढे होतो. ब्रेडच्या मध्याचे तापमान चढत चढत साधारण 60 अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की स्टार्चचे कण पाणी पिऊन फुलतात, त्यांची घट्ट रचना सुटते आणि साखळ्या उघड्या पडतात. इथवर अवघड असलेले काम विकराला आता अगदी सोपे होते. बीटा-अमायलेज याच सुमाराला उष्णतेने निकामी होत जाते, म्हणून त्याचा उपद्रव मर्यादित राहतो. धान्याचे अल्फा-अमायलेज मात्र रेणूत धरून ठेवलेल्या कॅल्शियममुळे टणक असते आणि 75-80 अंशांपर्यंत टिकून राहते. म्हणजे 60 ते 80 या पट्टीत खाद्य उघडे आणि खाणारा जिवंत, असे दोन्ही एकत्र येते. ब्रेडच्या मध्याला ही पट्टी पार करायला काही मिनिटे लागतात आणि तेवढी पुरतात.

फुललेले स्टार्च ब्रेडमध्ये कणकेतले पाणी धरून ठेवते, आणि ग्लुटेन आवळल्यावर गाभ्याला उभा ठेवणारा सांगाडाही तेच असते. लांब साखळ्यांचे डेक्स्ट्रिन, म्हणजे आखूड तुकडे, झाले की हे दोन्ही जाते. पाणी सुटे होते, सांगाडा ढिला पडतो, कडा बसतात आणि पात्याला लगदा लागतो.

जास्त भाजून का उपयोग झाला नाही, हेही यातून कळते. गाभ्याने 80 अंश ओलांडले तेव्हा विकर मेले होते आणि नुकसान होऊन गेले होते. त्यानंतरची प्रत्येक मिनिट फक्त कवचावर खर्च झाली. उलट लहान आकाराचा ब्रेड किंवा सुरुवातीला तापलेली भट्टी थोडी मदत करते, कारण मध्यभाग ही पट्टी लवकर पार करतो.

फॉलिंग नंबर नेमके काय मोजतो

स्वीडनमध्ये हॅगबर्ग आणि पेर्टेन यांनी 1960 च्या सुमारास बसवलेली ही पद्धत म्हणजे भट्टीतल्या त्याच पट्टीची काचेच्या नळीतली नक्कल. आयएसओ 3093 हे तिचे मानक. ओलाव्याप्रमाणे दुरुस्त केलेले 7 ग्रॅम पीठ नळीत घेऊन त्यात 25 मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी घालतात, बूच लावून जोरात हलवतात आणि नळी लगेच उकळत्या पाण्याच्या टाकीत सोडतात. 5 सेकंदांनी यंत्र नळीतली ढवळणी वर-खाली चालवू लागते. 60 सेकंद झाले की ढवळणी वर नेऊन सोडून दिली जाते आणि ती स्वतःच्या वजनाने ठरलेले अंतर खाली बसायला किती वेळ घेते ते मोजले जाते. आकड्यात सुरुवातीचे 60 सेकंदही धरलेले असतात, त्यामुळे अगदी पाण्यासारखी पातळ झालेली पेजसुद्धा 62 सेकंदांच्या आसपास थांबते. शाबूत गव्हाचा आकडा 300 च्या वर जातो. 250 च्या खाली गेला की सावध व्हायचे आणि 200 च्या खाली कापाच्या ब्रेडला त्रास ठरलेलाच.

चाचणी सोपी दिसते, पण ती बिघडायला फार वाव आहे. मोड येणे दाण्यादाण्यात विषम असते. म्हणून गव्हाची चाचणी करताना निदान 300 ग्रॅम गहू दळून त्यातून 7 ग्रॅम घ्यायचे असतात. मूठभर गहू दळला तर त्यात एखादा पुढे गेलेला दाणा आला की नाही यावर आकडा खाली-वर नाचतो. हलवताना नळीत गुठळी राहिली की ढवळणी तिच्यावर अडते आणि आकडा खोटा वाढतो. टाकी खळखळून उकळत नसेल किंवा पाण्याची पातळी उतरली असेल तरी तेच. समुद्रसपाटीपासून उंच ठिकाणी पाणी कमी तापमानाला उकळते, म्हणून तिथे दुरुस्ती करावी लागते. शिवाय अख्खा गहू दळून आलेला आकडा आणि पांढऱ्या पिठाचा आकडा यांची तुलना करू नये. विकर बनवणारा अल्यूरोन थर कोंड्याबरोबर निघून जात असल्याने पिठाचा आकडा सहसा थोडा वर असतो.

245 चे 199 कसे झाले

फॉलिंग नंबर हा वेळ आहे, विकराचे प्रमाण नव्हे. विकर दुप्पट झाले म्हणून वेळ निम्मा होत नाही, आणि आकडा जितका खाली जाईल तितके त्यातले एक-एक सेकंद विकराच्या हिशोबात महाग पडते. म्हणून दोन लॉटांचे सेकंद मिसळता येत नाहीत, विकरच मिसळावे लागते. त्यासाठी आकडा आधी लिक्विफिकेशन नंबरमध्ये बदलतात: 6000 ला (फॉलिंग नंबर वजा 50) ने भागायचे. हा नंबर विकराच्या प्रमाणात चालतो, त्यामुळे त्याची सरासरी काढलेली चालते.

अ लॉट: 6000 भागिले 290, म्हणजे 20.7. ब लॉट: 6000 भागिले 100, म्हणजे 60. निम्मे-निम्मे मिसळल्यावर 40.3. उलटा हिशोब केला की 6000 भागिले 40.3 अधिक 50, म्हणजे 199 सेकंद. गिरणीच्या कागदावर 245 होते. तक्रारीनंतर राखून ठेवलेल्या पिठाच्या नमुन्याची चाचणी झाली तेव्हा आकडा 200 च्या आतच आला.

हीच चूक नमुन्याच्या पातळीवरही होते. ब लॉटचा गहू एकाच शेतातला असला तरी खोलगट भागातले पीक जास्त वेळ ओले राहते. ट्रकच्या एका बाजूचा नमुना 100 आणि दुसऱ्या बाजूचा 250 आला तर लोक 175 लिहून मोकळे होतात. प्रत्यक्षात 120 आणि 30 यांची सरासरी 75, म्हणजे तो माल 130 चा. सेकंदांची सरासरी चुकते ती नेहमी एकाच दिशेला: माल आहे त्यापेक्षा चांगला दाखवण्याच्या.

आता कारखान्याची बाजू. त्यांच्या कृतीत वर्षानुवर्षे 0.2 टक्के माल्ट पीठ होते. नेहमीच्या 340 च्या पिठात ते योग्यच, कारण इतक्या शाबूत गव्हात अल्फा-अमायलेज कमी पडते, ब्रेड फिका आणि कोरडा होतो. माल्ट म्हणजे मुद्दाम मोड आणून वाळवलेले धान्य, त्यातून तेच विकर बाहेरून दिले जाते. (पायेन आणि पर्सो यांनी 1833 मध्ये माल्टच्या अर्कातूनच डायस्टेज वेगळे केले होते.) पण इथे पावसाने माल्ट आधीच घालून ठेवले होते. वर कृतीतले माल्ट पडले आणि कणकेतल्या पिठाचा खरा आकडा 200 हून आणखी खाली गेला. कृतीतून माल्ट काढल्यावर दुसऱ्याच दिवशी पाती पुसण्याचे काम निम्म्यावर आले. पहिल्या दिवशी करण्यासारखी गोष्ट हीच होती, आणि तिला खर्चही नव्हता.

दोष विकराचाच, याची खात्री

फॉलिंग नंबर कमी येण्याला स्टार्चची स्वतःची ठेवणही थोडीबहुत कारणीभूत असू शकते. म्हणून त्याच पिठाची चाचणी पाण्याऐवजी सिल्व्हर नायट्रेटच्या पातळ द्रावणात केली. चांदीचे आयन अल्फा-अमायलेज निकामी करतात. दोन्ही लॉटांचे आकडे वर जाऊन एकमेकांजवळ आले. ब लॉटचे स्टार्च पेज घट्ट धरू शकत होते, म्हणजे ते शाबूत होते.

दुसरी तपासणी डोळ्यांना दिसणारी. 1.5 टक्के आगर आणि त्यात 0.5 टक्के स्टार्च घालून ताटली ओततात, दाणे आडवे कापून अर्धुके कापलेली बाजू खाली करून तिच्यावर ठेवतात आणि काही तासांनी पोटॅशियम आयोडाइडमध्ये विरघळवलेले आयोडीन ओततात. स्टार्च असेल तिथे निळे-काळे, विकराने फोडले असेल तिथे दाण्याभोवती बिनरंगी कडे. ब लॉटमध्ये बहुतेक अर्धुकांभोवती लहान कडी होती, आणि मोजक्या दाण्यांभोवती मात्र बोटभर रुंद. लॉटचा आकडा खाली खेचण्यात या मोजक्यांचाच वाटा मोठा असतो.

इथे दोन गोष्टी चुकतात. भ्रूण असलेले अर्धुक ताटलीवर रात्रभर ठेवले तर ओलाव्याने ते तिथेच रुजायला लागते, नवे विकर बनवते आणि चांगल्या गव्हाभोवतीही कडे उमटते. म्हणून भ्रूण नसलेला अर्धा भाग घ्यायचा, त्याला जिबरेलिन देणारे कोणी नसते. दुसरे, बीटा-अमायलेजसुद्धा स्टार्च फोडते, पण फांदीपाशी थांबत असल्याने त्याच्यामागे उरलेल्या भागाला आयोडीन जांभळट रंग देते. जांभळट कडे धरायचे नाही. हा घोळ मुळातच नको असेल तर ताटलीत साध्या स्टार्चऐवजी बीटा-लिमिट डेक्स्ट्रिन, म्हणजे बीटा-अमायलेज थांबल्यावर उरणारा हाच फांद्यांचा भाग, घालतात. त्यावर बीटा-अमायलेजचे काही चालत नाही.

मिश्रण नव्याने बसवले

लक्ष्य ठरले 280 सेकंदांचे, म्हणजे लिक्विफिकेशन नंबर 26.1. अ चे 20.7 आणि ब चे 60 घेऊन हिशोब केला तर ब लॉट फक्त 14 टक्के मिसळता येतो. सेकंदांच्या सरासरीने हाच हिशोब 32 टक्के दाखवतो, आणि 32 टक्क्यांना प्रत्यक्षात 230 आले असते. गिरणीला हे कडू वाटणे साहजिक आहे: गोदामातला ब लॉट संपायला दुपटीहून जास्त दिवस लागणार. 14 टक्क्यांचे मिश्रण आधी थोडे दळून तपासले, मगच मोठा घाणा लावला. सूत्र कितीही बरोबर असले तरी नमुना चुकलेला असू शकतो.

दुसरे काही उपाय चर्चेत आले. गहू तापवून विकर मारणे हा त्यातला सर्वांत वाईट, कारण धान्यात विकर मरेल इतकी उष्णता देईपर्यंत ग्लुटेन आधी जाते आणि मग ते पीठ ब्रेडचे राहत नाही. ग्रॅव्हिटी टेबलवर हलके दाणे वेगळे केले तर बरेच पुढे गेलेले दाणे निघतात, पण वजन न घटलेले, नुकतेच जागे झालेले दाणे चांगल्या गव्हाबरोबरच राहतात. दळण्याआधी दाण्याची वरची साल खरवडणे जास्त कामाचे ठरते. सुरुवातीच्या अवस्थेत विकर बाहेरच्या थरांत आणि भ्रूणाजवळच साचलेले असते, पण त्यासाठी वेगळे यंत्र लागते आणि उतारा घटतो. गोदामात ठेवून वाट पाहण्यात अर्थ नाही, कोरड्या गव्हात हे विकर महिनोन्महिने टिकते.

कारखान्याकडे आधीच गेलेले पीठ परत घेता येण्यासारखे नव्हते. त्यासाठी कणीक आंबट करण्याचा मार्ग निघाला. धान्याच्या अल्फा-अमायलेजला 5.5 च्या आसपासचा पीएच मानवतो आणि साध्या ब्रेडची कणीक नेमकी तिथेच असते. आंबवलेल्या कणकेचा भाग घालून पीएच 4.5 च्या खाली आणला की विकर मंदावते आणि उष्णतेलाही लवकर शरण जाते. राईच्या पिठाचा ब्रेड आंबवून करण्यामागे हेच शास्त्र आहे. चव बदलते, ते ग्राहकाला सांगावे लागते. ज्यांना ते नको होते त्या मालासाठी पाणी कमी, साखर वगळलेली आणि लहान साचे, एवढ्यावर पीठ संपवले.

ब लॉटचा उरलेला गहू बिस्किटांच्या पिठासाठी वळवला. बिस्किटात पाणी इतके कमी असते की स्टार्च फारसे फुलतच नाही आणि विकराला उघडी साखळी मिळत नाही, फक्त रंग गडद येऊ नये म्हणून कृतीतली साखर थोडी कमी करावी लागते. त्यातला काही गहू बियाण्यासाठी ठेवायचा विचार होता, तो सोडून दिला. एकदा जागा होऊन पुन्हा वाळलेला दाणा लगेच पेरला तर बऱ्यापैकी उगवतो, पण साठवणीत त्याची उगवण चांगल्या दाण्यापेक्षा लवकर घसरते.